हात का कापतो?



मोर्चा निघाला की पाड्यापाड्यावरून तीरकामठे येतात. खांद्यावर शोभूनही दिसतात. पण त्यातले किती जण वीस पावलांवरच्या पळसाच्या पानाला तीर लावतील? म्हातारी माणसं हसतात. म्हणतात, पोरांचा हात कापतो. या वेळी त्यावरच लिहितो आहोत.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. सांबर असो, चितळ असो की भेकर, तीर मारला की केस झालीच. कायदा करताना जंगलात राहणाऱ्याला कोणी विचारलं नाही, हे खरं. राजेरजवाडे आणि गोरे साहेब बंदुकीने जनावरं पाडत होते, ठेकेदार ट्रक भरून लाकूड नेत होते, त्याचा हिशेब कोणी मागितला नाही, हेही खरं. पण आता सांबर उरलं किती? आणि एका भेकरापायी अख्ख्या पाड्याचा जमिनीचा दावा अडतो. ‘हेच लोक जंगल खातात’ म्हणायला निमित्त मिळतं. म्हणून शिकार नाही.

पण शिकारीतली विद्या का टाकायची?

ती विद्या दंडातल्या जोराची नाही. बांबूचा कामठा आणि बांबूच्याच सालीची दोरी ओढायला जोर लागतो, पण तो कोणाही कष्ट करणाऱ्याच्या अंगात असतो. अवघड वेळ वेगळीच. वारा तोंडावर घेऊन, पालापाचोळा न वाजवता माणूस दोन तास बसलेला असतो, आणि एकदम सांबर समोर येतं. छाती धडधडायला लागते. श्वास वर चढतो. डोळा शिंगांवर जातो आणि तिथेच अडकतो. जनावर मोठं दिसतं, नेम कुठेच नसतो. अशा वेळी सुटलेला तीर झाडात जातो, नाहीतर पोटात. पोटात तीर घेऊन जनावर दोन डोंगर पलीकडे जाऊन मरतं, कोणाच्याच कामाला येत नाही. जुन्या शिकाऱ्याला याचीच लाज जास्त. रिकाम्या हाताने आला तर त्याला कोणी बोलत नसे.

म्हणून म्हातारे सांगतात, अख्खं जनावर बघू नको. पुढच्या पायामागे एक जागा धर, हाताच्या पंजाएवढी. त्याच्या डोळ्यात बघू नको. त्याचं तोंड झाडाआड गेलं की दोरी ओढ. श्वास अर्धा सोड, तिथे थांबव, मग बोटं सैल कर. बोटं झटकायची नाहीत. दुरून मारायचं नाही, कारण दोरीचा आवाज तिराआधी पोचतो. सावध जनावर तो ऐकून उडी घ्यायला खाली दबतं आणि तीर पाठीवरून जातो. चरण्यात गुंग असेल, आडवं उभं असेल, जवळ असेल, तरच. यातलं एक जरी नसलं तरी ओढलेली दोरी हळूच परत सोडायची. ही परत सोडलेली दोरी शिकायला सगळ्यात जास्त वर्षं लागतात.

उदयपूरकडचा लिंबा राम आपल्यासारखाच आदिवासी पोरगा. बांबूच्या कामठ्यावर हात बसलेला. 1987 मध्ये सरकारी क्रीडा प्राधिकरणाने त्याला निवडलं. 1992 मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत तीस मीटरवर त्याने 360 पैकी 358 गुण घेऊन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. छत्तीस तीर, आणि चुकले फक्त दोन गुण. पहिला तीर बरेच जण लावतात. पस्तिसावा लावताना छातीत काय होत असेल, ते बघा!

आता जमिनीकडे येतो. उभ्या पिकात खात्याची माणसं येतात, आईबहिणीवरून बोलतात, तेव्हाही छातीत तशीच धडधड होते आणि डोळा एकाच्याच टोपीवर अडकतो. त्या वेळी एकाचा जरी तीर सुटला तरी पन्नास घरं तुरुंगात जातील, आणि आपली जुनी खेड दाखवायला ज्या दंडाच्या पावत्या आपण जपून ठेवल्यात, त्या बघायला कोणी थांबणार नाही. मोर्चात कामठा आणा. तो आपला आहे. पण ज्याला ओढलेली दोरी परत सोडता येत नाही त्याने तीर घरी ठेवून यावं, असं आमचं मत आहे. काही साथींना ते पटत नाही, त्यांनी बैठकीत बोलावं.

होळीपर्यंत प्रत्येक पाड्यावर सराव सुरू करा. गवताची घट्ट पेंढी, तिच्यावर कोळशाचा रुपयाएवढा ठिपका, मागे मातीचा बांध. वीस पावलं. पोरांना आधी चढ पळत चढायला लावा आणि धापा टाकत असतानाच उभं करा. एकाला एकच तीर. मध्येच ‘थांब’ म्हणा, थांबला नाही तर त्याची पाळी गेली. पोरींनाही उभं करा. आणि म्हाताऱ्यांना बाजूला बसवा. त्यांना ठिपका दिसत नसला तरी चालेल, पोरांच्या खांद्याकडे बघू द्या.