फतवा दोघांना, ऑपरेशन एकटीला

आमच्या सणसरमध्ये, बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या उसाच्या पट्ट्यात, ‘ऑपरेशन झालं का?’ हा प्रश्न बाईलाच विचारतात. कशाचं ऑपरेशन, हे सांगावं लागत नाही. दुसरं-तिसरं मूल झालं की ‘सुनेचं ऑपरेशन करून टाका’ हे वाक्य हिंदूंच्या घरात ऐकू येतं, तसंच आपल्याही घरात. हाच प्रश्न कुणी तिच्या नवऱ्याला विचारला, तर लोक हसतील. मला त्या हसण्याबद्दल बोलायचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याने नसबंदी केलेली जोडपी फक्त 0.3 टक्के. निरोध वापरणारी 9.5 टक्के. याच पाहणीत 35 टक्के पुरुषांनी मान्य केलं की गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे, पुरुषाने त्यात डोकं घालायची गरज नाही. म्हणजे तांबी तिने बसवायची, गोळ्या तिने लक्षात ठेवायच्या, इंजेक्शन तिने घ्यायचं, आणि काही चुकलं तर दिवसही तिलाच जायचे.

मुस्लिमांच्या लोकसंख्येवर टीव्हीवर रोज आरडाओरडा चालतो. त्याला उत्तर देताना आपण अभिमानाने सांगतो की मुस्लिमांचा प्रजनन दर 1992-93 मध्ये 4.4 होता, तो आता 2.4 च्या आसपास आला आहे. खरं आहे ते. मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, साधनं पोचली, म्हणून हे झालं. पण हा आकडा तोंडावर फेकताना आपण पुरुषांनी त्यात किती भार उचलला, हेही स्वतःला विचारायला हवं.

आपल्याकडे पहिलं उत्तर येतं ते धर्माचं. ‘भाई, नसबंदी जायज नाही.’ बहुतेक उलेमा कायमच्या नसबंदीला नाजायज मानतात, हे खरं. पण हा हुकूम स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारखाच आहे. बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा सासर-माहेरची मंडळी ‘डॉक्टरांनी सांगितलं’ म्हणून गप्प बसतात. नवऱ्याची गोष्ट निघाली की फतवा आठवतो. याला दीनदारी म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

फिकहमध्ये गर्भनिरोधनाची सगळ्यात जुनी चर्चा आहे ती ‘अझ्ल’ची. अझ्ल म्हणजे वीर्य बाहेर सोडणं. ही पद्धत पुरुषाची आहे. कुरआन उतरत होता त्या काळात सहाबा अझ्ल करत, अशी हजरत जाबिर यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. याविषयी मतभेदही होते. पण बहुसंख्य फकीहांनी अझ्लला परवानगी दिली, आणि हनफी, मालिकी, हंबली परंपरेत त्यासाठी पत्नीची संमती लागते असं मत आहे. इमाम गझालींनी (मृत्यू 1111) बाळंतपणात पत्नीच्या जिवाला असलेला धोका आणि जास्त मुलांमुळे येणारी ओढाताण ही कारणं ग्राह्य धरली. म्हणजे आपल्या परंपरेत चर्चेची सुरुवातच ‘पुरुषाने काय करायचं आणि बायकोला विचारलं का’ इथून होते. आज अझ्लच्या सगळ्यात जवळचं साधन म्हणजे निरोध. तो तात्पुरता आहे, त्यामुळे कायमच्या नसबंदीवरचा आक्षेप त्याला लागू होत नाही. तरी ‘मजा येत नाही’ एवढ्यावरून तो नाकारला जातो आणि बायको वर्षानुवर्षं गोळ्या खाते.

दुसरं उत्तर भीतीचं. गडी माणसाला अशक्तपणा येईल, उसाची मोळी उचलता येणार नाही, मर्दानगी जाईल. पुरुष नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद करतात. हार्मोन रक्तातून जातं, त्याला धक्का लागत नाही. बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून होते, साधारण पंधरा-वीस मिनिटांत, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. काही दिवस जड काम टाळायचं. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून खात्री करायची. स्त्रीच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागतं. 2014 मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांनंतर डझनभराहून जास्त बायकांचा जीव गेला, हे विसरू नये.

तिसरं उत्तर इतिहासाचं आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. आणीबाणीत 1976-77 मध्ये देशात 82 लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे 62 लाख पुरुषांच्या. आजच्या पलवल जिल्ह्यातल्या उटावर या मेव मुस्लिमांच्या गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना उचललं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. सक्तीला तेव्हाही विरोध हवा होता, आजही हवा. पण पुढे काय झालं ते बघा. पुरुषांचा राग मतपेटीत उतरतो हे सरकारांना कळलं आणि सगळा कार्यक्रम बायकांकडे वळला. जुलूम झाला पुरुषांवर, आणि त्याची किंमत जवळजवळ पन्नास वर्षं बायका मोजत आहेत. आपल्यावर जबरदस्ती झाली होती म्हणून बायकोवर मुकाट जबरदस्ती करायचा हक्क मिळत नाही.

मग करायचं काय? निकाह ठरताना मेहेर, दागिने, हॉल यांवर तासन्‌तास बोलणी होतात. मुलं कधी, किती आणि काळजी कोण घेणार, हे मुलाने मुलीशी आधीच बोलावं. निरोधचं पाकीट मेडिकलमधून स्वतः आणावं. आशाताई घरी आल्या की उठून बाहेर जाऊ नये, बसून ऐकावं. बायको तांबी बसवायला जाणार असेल तर सुट्टी काढून सोबत जावं. नोकरीच्या मीटिंगसाठी आपण पुण्याहून मुंबईला जातो, दवाखाना त्याहून लांब नाही. कायमच्या उपायाचा विचार दोघं मिळून करत असाल आणि तुमचं मन, तुमचा ईमान त्याला राजी असेल, तर आधी नवऱ्याने स्वतःसाठी डॉक्टरांना विचारावं. राजी नसेल, तर तो नियम बायकोच्या ऑपरेशनलाही लावावा.

मूल दोघांचं असतं, नाव तर बापाचंच लागतं. मग ते कधी व्हावं आणि कधी नको, याची जबाबदारीही बापाने घ्यावी.