कोळंबी कुठल्या कपाटात?

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात रत्नागिरीकडची एक मुलगी नव्याने आली. आमची शाळा घाटावरची. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला, आत कोळंबीचं कालवण. शेजारच्या दोघींनी डबे सरकवून घेतले आणि "ये जायज़ नहीं" असा निकाल देऊन टाकला. प्रकरण माझ्यापर्यंत आलं. तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती. मी मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये 'झिंगा' टाकलं, जो पहिला फतवा वर आला तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात न खाणं बरं असं लिहिलेलं होतं. मुलगी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "टीचर, अब्बू म्हणाले, आपण शाफई आहोत."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कोकणपट्टीतले मुसलमान बहुतेक शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुसलमान घरात माहीत असतं. शाफई फिकहमध्ये कोळंबीला हरकत नाही. हनफी फिकहमध्ये समुद्रातला फक्त मासा हलाल, आणि झिंगा हा मासा आहे की नाही यावर खुद्द हनफी उलमांमध्येच जुना मतभेद आहे. म्हणजे त्या दोघींच्या घरीसुद्धा उत्तर एकच निघालं असतं असं नाही. चूक माहितीच्या अभावाने झाली नव्हती. मी कुठल्या कपाटातून पुस्तक काढते आहे ते न बघता काढलं, आणि ॲपनेही ते सांगितलं नाही.

हे डोक्यात घोळत असतानाच एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी जाणं झालं. तिचे यजमान चर्चमध्ये पाळक आहेत. रविवारच्या प्रवचनाची तयारी ते लोगोस नावाच्या सॉफ्टवेअरवर करत होते. बायबल अभ्यासासाठी अमेरिकेत तयार झालेलं हे सॉफ्टवेअर. त्यांच्याकडे त्यात शेकडो पुस्तकं होती. मी विचारलं, एवढ्यातून सापडतं कसं? त्यांनी 'कलेक्शन' उघडून दाखवलं, आणि मी चहा विसरले.

पुस्तकांचा असा संग्रह दोन प्रकारे करता येतो. एक, पुस्तकं हाताने उचलून त्यात टाकायची. दुसरा प्रकार जास्त हुशार आहे. आपण एक नियम लिहायचा : प्रकार भाष्य, विषय मार्कचं शुभवर्तमान. त्या नियमात बसणारी सगळी पुस्तकं आपोआप गोळा होतात. उद्या मार्कवरचं नवं भाष्य घेतलं तर तेही न सांगता तिथे जाऊन बसतं. नियमात न बसणारं पण हवं असलेलं पुस्तक घालायला एक चौकट, नियमात बसलेलं पण नको असलेलं काढायला दुसरी. मग शोध घ्यायचा तो त्या संग्रहापुरताच. पुस्तक मात्र जागचं हलत नाही, आणि एकच पुस्तक दहा संग्रहांत असू शकतं. कपाटाला हे कधी जमलं नाही.

कपाटाचं दुखणं आम्ही शिक्षक चांगलं ओळखतो. ग्रंथालयात ड्यूईच्या दशांश पद्धतीत धर्माला 200 चा गट. त्यात 220 ते 289 ख्रिस्ती धर्माला, उरलेले सगळे धर्म 290 मध्ये दाटीवाटीने, इस्लाम 297. कपाट ज्याने बनवलं त्याच्या घरचं सामान पसरून ठेवलेलं, पाहुण्यांना ओसरी. याउलट दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीमने 'फिहरिस्त' तयार केली. तो पुस्तकविक्रेता होता. त्याने ग्रंथाचे दहा भाग पाडले आणि पहिल्याच भागात कुरआनासोबत यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांनाही जागा दिली. दुकानदार होता म्हणून असेल कदाचित. गिऱ्हाईक कुठलंही येतं.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. अरबी जाणणाऱ्यांसाठी मकतबा शामिला आहे, फुकट, हजारो किताबांचं. त्यात हनफी, शाफई, मालिकी, हंबली फिकहचे वेगवेगळे विभाग आहेत आणि शोधण्याआधी कुठल्या विभागात शोधायचं ते निवडता येतं. पण मराठीत किंवा उर्दूत वाचणाऱ्या घरात काय आहे? व्हॉट्सॲपवरून आलेल्या पीडीएफ. उर्दूच्या बहुतेक नुसती पानांची छायाचित्रं, त्यामुळे आत शब्द शोधता येत नाही. जिथे अक्षरं आहेत तिथे आणखी गंमत : अरबी 'काफ' आणि उर्दू 'काफ' संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत, 'ये'चंही तेच. उर्दू कीबोर्डवर टाईप केलेला शब्द समोर दिसत असूनही सापडत नाही. मराठीच्या जुन्या पुस्तकांना जुन्या फाँटचा शाप. हदीसचे क्रमांकसुद्धा आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा फॉरवर्डमधला नुसता आकडा बघून 'खोटी हदीस' म्हणायची घाई करू नये, आणि खरीही म्हणू नये.

मी कॅलिबर वापरायला घेतलं. हेही फुकट आहे, आणि त्यात 'व्हर्च्युअल लायब्ररी' नावाने साधारण हीच सोय आहे. पहिले दोन महिने फक्त नावं दुरुस्त करण्यात गेले. एका फाईलचं नाव 'नवीन 12', दुसरीचं 'ज़रूर पढ़ें'. फिकह, फिक्ह, फिकाह अशा तीन खुणा मीच वेगवेगळ्या दिवशी लावल्या होत्या. नियम तंतोतंत असतो, त्याला आपल्या मनातलं कळत नाही. मग प्रत्येक किताबीला मसलक आणि भाषा या दोन खुणा सक्तीच्या केल्या.

आमच्या एका बुजुर्ग सहकाऱ्यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "बेटा, आज शाफईचा संग्रह, उद्या आमच्याच मसलकचा, परवा त्यातल्याही आमच्याच मौलानांचा. बाकीचं दिसणंच बंद होईल." हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही. ती वजाबाकीची चौकट फार मोहाची आहे. नको ते वगळलं की जग एकमताचं दिसतं. पण वगळणं आजही होतंच आहे, फक्त कुणी तरी दुसरा करतो आणि सांगत नाही. मसलकवाल्यांची ॲप पाहा : एखाद्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, बाकी सगळी 'इस्लामचं उत्तर' म्हणून एकाच घरचं उत्तर देतात. नियम मी लिहिलेला असेल तर निदान तो मला दिसतो, खोडता येतो. म्हणून मी आता मसलकच्या संग्रहांबरोबर प्रश्नांचेही संग्रह करते. 'खाणंपिणं' या संग्रहात हनफी आणि शाफई दोन्ही आहेत, मुद्दाम. गेल्या वर्षी वर्गात स्मार्ट बोर्डवर दोन्ही उतारे शेजारी शेजारी लावले. डबे सरकवणाऱ्यांपैकी एकीने विचारलं, "मग टीचर, आम्ही खाल्ली तर?" मी म्हटलं, घरी विचार. मुफ्ती व्हायची हौस माझी तेवढ्याने फिटली होती.

एक संग्रह मात्र मला अजून बांधता आलेला नाही : मराठी मुसलमानांनी लिहिलेलं. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, म्हणजे लिहिणारे होते आणि आहेत. पण ग्रंथालयात कादंबरी गेली मराठी साहित्यात, 891.46, धर्मावरचं गेलं 297 मध्ये, उर्दू लिहिणाऱ्यांचं 891.439. एकाच मोहल्ल्यातली माणसं तीन दालनांत. लेखकाच्या नावावरून नियम लिहावा तर 'शेख' टाकल्यावर अर्धी यादी येते आणि हमीद दलवाई त्यात येत नाहीत.

सर्वात अडलं ते श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपाशी. 'योगसंग्राम' सतराव्या शतकातला, मराठी ओवीत. नाव महंमद, महमद, मुहम्मद असं तिन्ही प्रकारे छापलेलं, ते आधी एक केलं. मग खुणा : मराठी, तसव्वुफ, भक्ती, श्रीगोंदा. मसलकची चौकट सक्तीची, हा नियम मीच केलेला. तिथे काय लिहावं ते सुचेना. शेवटी ती एकच चौकट रिकामी सोडली आहे, आणि कॅलिबर उघडलं की ते पुस्तक दर वेळी 'खूण बाकी' या यादीत एकटंच दिसतं.