बुडबुडे मोजताना

चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या चार फांद्या, वर उपडे नरसाळे आणि त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. ही आकृती आपण बहुतेकांनी शाळेच्या वहीत काढली. उन्हात बसून बुडबुडे मोजले मात्र फार थोड्यांनी. याची मला मनापासून खंत वाटते.

पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात प्राणवायूचे बुडबुडे धरतात, अंधारात थांबतात, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ मध्ये दाखवले. १८८२ मध्ये एंगेलमान या शास्त्रज्ञाने हिरव्या शेवाळाच्या धाग्यावर लोलकातून फाकलेला प्रकाश टाकला, तेव्हा प्राणवायूकडे धावणारे जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत गोळा झाले. जिवाणूंनाच मोजमापाचे साधन करायचे! ही कल्पना मला आजही थक्क करते.

वहीतल्या त्या प्रयोगात उन्हाऐवजी छोटा दिवा वापरला आणि तो दुप्पट दूर नेला की प्रकाश चौथाईवर येतो, बुडबुडे मंदावतात. जवळ आणत गेलो तरी एका मर्यादेपुढे ते वाढत नाहीत. बहुधा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड अपुरा पडत असतो. अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पाहा.

हे वाचून झाले की खिडकीत हायड्रिलाचा एक पेला ठेवा. घड्याळही जवळ असू द्या.