हजेरी आमची, अनुदान कोणाचे?



गावात जीप येते. शाळेच्या पटांगणात फलक लागतो : 'शेतकरी-शास्त्रज्ञ संवाद'. तासभर भाषण, चहा-बिस्किट, एक रंगीत घडीपत्रिका आणि निघताना हजेरीपत्रक. नाव, गाव, मोबाईल नंबर, सही नाहीतर अंगठा. फोटो निघतो, जीप जाते. त्या कागदाचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारले नाही. तो संस्थेच्या अहवालाला जोडला जातो आणि अहवाल बघून अनुदानाचा पुढचा हप्ता निघतो. म्हणजे आपला अंगठा ही हुंडी आहे. वटवणारा मात्र दुसराच.

मलकापुरात (बुलढाण्याचे कपाशीचे मलकापूर नव्हे, कराडला लागून असलेले) या जिल्हा बैठकीत याच पैशाबद्दल बोलायचे आहे.

संशोधन लोकांपर्यंत नेण्यासाठी संस्थांना अनुदान देणे नवे नाही. दिल्लीतली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद १९८२ ची. कृषि विज्ञान केंद्रे १९७४ पासून आहेत; काही विद्यापीठांची, काही खाजगी ट्रस्टची, पैसा भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचा. २०२२ साली केंद्राच्या विज्ञान खात्याने नियमावली काढली, की शास्त्रज्ञाने वर्षातले किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत. चांगले आहे. या पैशाला आमचा विरोध नाही, तो आपल्याच करातून जातो. भांडण आहे ते हिशेब कोणापुढे द्यायचा याचे. आज तो पैसे देणाऱ्यापुढे दिला जातो. ज्याच्या नावाने पैसा निघाला, त्याला कोणी विचारत नाही.

२०१० ची गोष्ट घ्या. बीटी वांग्याला परवानगी द्यावी की नाही, यावर पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या. त्या भरवण्याचे काम अहमदाबादच्या सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन या संस्थेकडे होते. सुमारे आठ हजार माणसे आली, बाजूची आणि विरोधातली, दोन्ही बोलली. निदान ऐकून तरी घेतले, एवढे श्रेय द्यायला हवे. पण महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली सुनावणी नागपूरला, २७ जानेवारीला. वांगी प्रसिद्ध कृष्णाकाठची, आणि कृष्णाकाठच्या माणसाने बोलायचे तर राज्याचे दुसरे टोक गाठायचे! ९ फेब्रुवारीला मंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली. ती आजही उठलेली नाही. आठ हजार माणसे बोलली, त्यानंतर त्यांच्याकडे परत कोण आले? जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशकरोधक कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले, ते काही हौसेने नव्हे.

कपाशीवाल्यांना पाकीट आठवत असेल. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचे साध्या कपाशीचे छोटे पाकीट मिळायचे. ते कडेने लावायचे, म्हणजे अळीला विनाबीटी झाड मिळते आणि बीटी पचवणारी अळी लवकर तयार होत नाही. संशोधनातली सगळ्यात कामाची गोष्ट त्या पाकिटात होती. ती समजावून किती जणांना कोणी सांगितली? आपण पाकीट बांधावर फेकले. मार्च २०१० मध्ये मोन्सँटो कंपनीनेच कबूल केले, की गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देईनाशी झाली. २०१७ ला तिने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे पोखरली. मधल्या सात वर्षांत गावोगाव मेळावे झालेच की. हजेरीपत्रके कुठेतरी नीट बांधून ठेवलेली असतील.

ज्वारीचेही तसेच. १९६४ ला सीएसएच-१ हे संकरित वाण आले. दाणा भरपूर, पण ताट बुटके आणि कणसात पाऊस सापडला की दाणा काळा. शास्त्रज्ञाने दाणा मोजला. माण-खटाव-जतच्या माणसाला भाकरी हवी आणि कडबाही हवा, कारण दुष्काळात गोठा कडब्यावरच तगतो. म्हणून मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ अजून आपल्या रानात आहे. आधी विचारले असते, तर बायकांनीच उत्तर दिले असते.

विचारून काम होते हे याच मुलखात दिसले आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष आणि लोकविज्ञान संघटनेच्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांबरोबर दुष्काळाचा अभ्यास केला. त्यांची आपली सगळी मते जुळतात असे नाही. पण प्रश्न गावाचा होता. त्यातून येरळेवर बळवडी-तांदुळवाडीजवळ बळीराजा धरण उभे राहिले. नदीची वाळू विकून लोकांनी पैसा उभारला, पाणी सगळ्यांना आणि उसाला नाही असे ठरवले. तिथे शिकलेली माणसे आली ती मदतीला, हजेरी घ्यायला नव्हे.

तेव्हा बैठकीपुढे ठराव असा : शेतकऱ्यांसाठी म्हणून अनुदान घेणाऱ्या संस्थेने प्रकल्प लिहिण्याआधी ग्रामसभेत यावे आणि प्रश्न तिथून घ्यावा. पैसा किती, कोणाकडून, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. शेतकऱ्याचा दिवस मोडला तर त्याला मजुरी द्यावी. शास्त्रज्ञाला भत्ता मिळतोच. प्रयोग संपल्यावर निकाल, फसला असेल तरीही, मराठीत येऊन सांगावा. आणि शेवटचा हप्ता ग्रामसभेच्या सहीशिवाय सुटू नये.

शेवटची मागणी काही कार्यकर्त्यांना जड वाटते. सरपंच पुढाऱ्याचा असेल तर सही विकली जाईल, असे ते म्हणतात. शंका खोटी नाही. पण आजची सही तर फुकट जाते आहे. ग्रामसभा नको असेल तर प्रयोगात रान देणाऱ्या शेतकऱ्यांची सही धरा, यावर चर्चा व्हावी.

बैठकीच्या दारात आमचेही हजेरीपत्रक असेल. सही करण्याआधी वरचा ठराव वाचून घ्या. पटला नाही, तर सही न करता आत येऊन बोला.