रांगेतला सर्वात जुना निरोप

१२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआयचे व्यवहार अडकले. ग्राहकाच्या फोनवर चक्र फिरत राहिलं, दुकानदाराचा स्पीकर गप्प राहिला आणि पैसे गेले की नाहीत हे दोघांनाही सांगता येईना. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नंतर जे कारण शोधलं, त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. काही बँकांचे सर्व्हर ‘त्या व्यवहाराचं पुढे काय झालं?’ ही एकच चौकशी पुन्हा पुन्हा करत होते, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. त्या चौकशांच्या भडिमाराखाली यंत्रणा दबली. त्यानंतर नियम आला: एका व्यवहाराची चौकशी दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा.

नवे सर्व्हर घेऊन असा दोष जात नाही. सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात, उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबतात आणि पुन्हा कधी विचारतात, हे तपासावं लागतं. आपल्याकडे मात्र काहीही अडलं की खिडकीपलीकडून एकच उत्तर येतं: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ बहुतेकदा सर्व्हर धडधाकट असतो. दोन सर्व्हरमधला निरोप अडकलेला असतो.

आज मोठ्या यंत्रणांत हे निरोप बऱ्याचदा ‘मेसेज क्यू’मधून जातात. हॉटेलातला वेटर ऑर्डरची चिठ्ठी स्वयंपाकघराच्या खिडकीत अडकवतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो, तसा एक सर्व्हर निरोप रांगेत टाकतो आणि मोकळा होतो. दुसरा सवडीने तो उचलतो, काम करतो आणि पोच देतो. गर्दीच्या वेळी याच सोयीमुळे यंत्रणा तग धरते.

धोकाही तिथेच आहे. निरोप उचलणारा प्रोग्रॅम बंद पडला तरी टाकणाऱ्याला पत्ता नसतो. अर्जदाराला ‘अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला’ असं दिसत राहतं, मागे रांग वाढत राहते. यंत्रावरचा ताण तर उलट कमी दिसतो, कारण काम होतच नसतं. म्हणून देखरेख करणाऱ्याने पहिल्यांदा विचारायला हवं ते हे: रांगेतला सर्वात जुना निरोप किती वेळ पडून आहे? निरोपांची नुसती संख्या फसवते. लाखभर निरोप मिनिटात निपटत असतील तर प्रकृती उत्तम. बाराच निरोप कालपासून पडून असतील तर काहीतरी नक्की बिघडलं आहे.

पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी लिंक्डइनमध्ये दोन सहकाऱ्यांसह घडवलेलं आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं ‘काफ्का’ हे निरोपांच्या रांगा सांभाळणारं सॉफ्टवेअर आज जगभर वापरलं जातं. त्यात वाचणारा किती मागे पडला आहे, हे मोजता येतं. अभियंते त्याला ‘लॅग’ म्हणतात. हे मोजमाप चैनीचं नाही. काफ्का मुळात सात दिवसच निरोप जपून ठेवतं. मुदत वाढवून ठेवली नसेल आणि वाचणारा प्रोग्रॅम त्याहून जास्त काळ बंद राहिला, तर न वाचलेले निरोपही पुसले जातात. अॅमेझॉनच्या ‘एसक्यूएस’ या रांगेत निराळी गंमत आहे. उचललेल्या निरोपाची पोच मूळच्या ठरलेल्या तीस सेकंदांत आली नाही, तर तो पुन्हा रांगेत दिसू लागतो. कामाला चाळीस सेकंद लागत असतील तर तेच काम दुसराही कुणी हाती घेतो. एकाच बिलाचे दोन एसएमएस येतात, त्यामागे असं काही असू शकतं.

स्लॅक या कंपनीच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये लिहून ठेवलेला प्रसंग प्रत्येक संगणक विभागाने वाचावा असा आहे. त्यांच्या रांगेतून सर्वाधिक गर्दीच्या दिवशी १४० कोटींहून जास्त कामं जात. डेटाबेस मंदावला, कामं तुंबली आणि रांग ठेवणाऱ्या यंत्राची मेमरी काठोकाठ भरली. पुढे डेटाबेस सुधारला तरी रांग हलेना. कारण रांगेतून काम बाहेर काढायलाही थोडी मोकळी मेमरी लागत होती, आणि ती शिल्लकच नव्हती. शेवटी माणसांनी हाताने खपून ती मोकळी केली. मूळ दुखणं बरं झालं तरी यंत्रणा आपोआप उठत नाही, हे त्यांनी उघडपणे मांडलं. त्या मोकळेपणाचं मोल मोठं आहे.

तसाच मोकळेपणा अॅमेझॉनने २५ नोव्हेंबर २०२० च्या बिघाडानंतर दाखवला. निरोपांचे प्रवाह वाहून नेणाऱ्या ‘किनेसिस’ सेवेत पहाटे जादा सर्व्हर जोडले गेले. तिथला प्रत्येक सर्व्हर इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक धागा (थ्रेड) उघडून ठेवतो. नव्यांची भर पडताच सगळ्यांचेच धागे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले. सव्वापाचला धोक्याच्या सूचना आल्या, नेमकं कारण पक्कं व्हायला सकाळचे ९.३९ वाजले आणि सेवा पूर्ववत झाली रात्री १०.२३ ला. न तपासता मर्यादा वाढवून टाकण्याचा मोह अभियंत्यांनी टाळला, जादा सर्व्हर काढले आणि बाकीचे सावकाश, तासाला काहीशे या गतीने, पुन्हा सुरू केले. घाईत सगळं एकदम ‘रीस्टार्ट’ करणाऱ्यांनी हा संयम शिकावा. याच बिघाडात ग्राहकांना खबर देणारा फलकही नेहमीच्या मार्गाने बदलता येईना, कारण तो बदलण्याचं साधन ज्या सेवेवर चाले, तीच किनेसिसपायी आजारी होती.

खबर देण्याची सोय बिघडणाऱ्या यंत्रणेबाहेर असायला हवी, आणि ती नागरिकांसाठी असायला हवी. शिवाय निरोप किती काळ अडकू शकतो, याला मुदतही हवी. पैशांसाठी ती रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये घातली: यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून वजा झाले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत करायचे, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. वाट पाहण्याला किंमत लागली, तशी बँकांना आपल्या रांगांकडे बघणं भाग पडलं. दाखले, शिष्यवृत्त्या, पीकविमा यांच्या अर्जांना असा हक्काचा आकडा द्यायला हवा. ‘प्रक्रियेत आहे’ या शब्दांऐवजी संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर ठळक ओळ असावी: अमुक तारखेला, अमुक वाजेपर्यंत आलेले अर्ज पुढे गेले आहेत.