दुकान वाढविताना एक कुलूप राहते

भीमाशंकराहून कोकणात खांडसला उतरणाऱ्या दोन वाटा सुपरिचित आहेत : शिडी घाटाची अवघड आणि गणपती घाटाची सोपी. उत्तरेस जुन्नरजवळ नाणेघाट आहे. सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याचा माल या घाटाने जुन्नरला चढे. माथ्यावरील दगडी रांजणात जकात जमा होई, असे परंपरा सांगते. घाट उघडा असल्यावाचून व्यापार नाही आणि पहाऱ्यावाचून सुरक्षितता नाही.

आपल्या पेढीवरील संगणकालाही अशाच वाटा असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात आणि त्यांचे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात. संकेतस्थळांची सुरक्षित ये-जा ४४३ वरून होते, विंडोजमधील फायलींची देवघेव ४४५ वरून, तर घरबसल्या दुकानाचा संगणक चालविण्याची सोय ३३८९ वरून. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ४४५ च्याच वाटेने जगभरातील संगणकांत शिरून फायली ओलीस धरल्या. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’मुळे न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

हिशेबनिसाला घरून काम करता यावे म्हणून ३३८९ उघडले जाते. काम संपते, वाट मात्र उघडीच राहते. म्हणून वर्षातून दोनदा तरी तपासणी करावी. संगणकावर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा दिली की कोणत्या क्रमांकांवर तो हाकेची वाट पाहत आहे, ते दिसते. परंतु खरी परीक्षा बाहेरून होते. दुकानाच्या वायफायवरून पाहिल्यास आतलीच दारे दिसतात; मोबाइलच्या इंटरनेटवरून ‘एनमॅप’सारख्या साधनाने पाहिले म्हणजे परक्याला काय दिसते ते कळते. उत्तर तीन प्रकारचे येते. होकार आला तर वाट उघडी आहे. तत्काळ नकार आला तर ती बंद आहे. काहीच उत्तर आले नाही, तर बहुधा मध्ये फायरवॉलचा पहारा आहे.

अनावश्यक वाट बंद करावी. आवश्यक असेल ती थेट इंटरनेटवर न ठेवता व्हीपीएनच्या आड ठेवावी. आणि तपासणी केवळ आपल्याच संगणकाची करावी; परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये गुन्हा ठरू शकतो.

रात्री दुकान वाढविताना आपण कुलूप दोनदा ओढून पाहतो. चोपड्या आता संगणकात गेल्या आहेत. ओढून पाहण्याची सवयही तेथवर गेली पाहिजे.