न ठोकलेला बोल्ट

आमच्या कॉलेजची एक सीनियर सध्या इंग्लंडमध्ये, शेफील्डला शिकते. इथे असताना दर रविवारी दोर खांद्याला लावून सह्याद्रीत हिंडायची. तिथेही पहिल्याच महिन्यात तिनं कडा शोधला. शेफील्डहून ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत हॅथरसेज गाव लागतं. आजूबाजूला दगडी कुंपणं, मेंढ्या आणि वर माळावर स्टॅनेजचा कडा. व्हिडिओ कॉलवर तिनं तो दाखवला आणि मी पटकन बोलून गेलो, "एवढासा? आपल्या कोकणकड्यापुढे हा म्हणजे कंपाउंड वॉल!"

उंची खरंच जेमतेम पंधरा-वीस मीटर. पण लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर आणि चढाईचे मार्ग हजाराहून जास्त. मग तिनं खरी गोष्ट सांगितली. या कड्यावर चढाईसाठी बोल्ट ठोकायचा नाही.

बोल्ट म्हणजे कातळात ड्रिलनं भोक पाडून कायमचा बसवलेला धातूचा आधार. त्यात दोर अडकवला की पडलो तरी माणूस लटकतो, जमिनीवर आपटत नाही. स्टॅनेजचा दगड ग्रिटस्टोन, म्हणजे भरड दाण्यांचा वालुकाश्म. पूर्वी त्यातून चक्कीची दगडी चाकं घडवायचे. अर्धवट सोडलेली चाकं आजही कड्याखाली पडलेली दिसतात. हा दगड पॉलिश पेपरसारखा खरखरीत. थंडीत बोटांना घाम येत नाही, त्यामुळे पकड आणखी चांगली बसते. पुढचा चढाईपटू भेगांमध्ये धातूच्या पाचरी अडकवत जातो, मागून येणारा त्या काढत येतो. दोघं वर पोचले की कडा पुन्हा होता तसा. पाचर बसेल अशी भेगच नसेल, तर तो मार्ग जोखीम पत्करून चढायचा, किंवा सरळ सोडून द्यायचा.

गंमत म्हणजे त्याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये थोड्या अंतरावर चुनखडीचे कडे आहेत आणि तिथल्या अनेक मार्गांवर बोल्ट चालतात. तो दगड गुळगुळीत, कडे उभे, कधी पुढे झुकलेले. पाचर लावायला जागा कमी. रेव्हन टॉर नावाच्या अशाच कड्यावर 1990 मध्ये बेन मून यांनी 'हबल' हा मार्ग चढला, तो त्या काळातल्या जगातल्या सर्वांत अवघड मार्गांपैकी एक होता. बोल्ट नसते तर असे प्रयत्नच झाले नसते. म्हणजे भांडण बोल्टशी नाही. कुठे चालेल आणि कुठे नाही, हे ठरवण्याचा प्रश्न आहे. आणि हे कुठल्या पोलिसानं ठरवलेलं नाही. चढणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं वाद घालून, बैठका घेऊन ठरवलंय. स्टॅनेजवर रिंग आउझल नावाचा पक्षी घरटं करतो. त्या काळात घरट्याजवळच्या मार्गांवर चढू नका, अशी पाटी लागते. चढणारे शेजारचा मार्ग धरतात.

हे शहाणपण आयतं मिळालेलं नाही. एकेकाळी तिथले माळ शिकारीसाठी राखलेले होते. सामान्य माणसानं पाय ठेवला की राखणदार हाकलायचे. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो तरुण कामगार ठरवून किंडर स्काउटच्या माळावर घुसले. त्यांच्यातला पुढारी बेनी रॉथमन फक्त वीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या वयाचा. त्याच्यासह पाच जण तुरुंगात गेले. पुढे 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. जागा झगडून मिळाली की ती जपायचीही सवय लागते, असं मला वाटतं.

याच ग्रिटस्टोनवर तयार झालेला मँचेस्टरचा एक प्लंबर, जो ब्राउन, 1955 मध्ये जॉर्ज बँडसोबत कांचनजंगावर पोचला. त्याआधी या शिखरावर कुणीच पोचलं नव्हतं. शेवटचा टप्पा त्यानं भेगेतून चढला, अगदी घरच्या कड्यासारखा. आणि माथ्याच्या काही फूट खाली दोघं थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर पवित्र आहे, माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द दिला होता. तो पाळला.

आता आपल्याकडे येऊ. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, अनेक ठिकाणी ठिसूळ. इथे बोल्टशिवाय काही सुळके सुरक्षित चढताच येत नाहीत, त्यामुळे इंग्लंडचा नियम जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. पण ठरवायची पद्धत नक्की उचलता येईल. नवा बोल्ट मारण्याआधी तिथे नेहमी चढणाऱ्यांशी आणि गावकऱ्यांशी बोलायचं. जुना बोल्ट कामाचा असेल तर शेजारी दुसरा ठोकायचा नाही. कपारीत गिधाडांचं घरटं असेल तर तो मार्ग त्या हंगामात सोडायचा. हे आपण ठरवलं नाही तर दुसरं कुणीतरी ठरवतं. पावसाळ्यात गर्दी आणि अपघात झाले की जिल्हा प्रशासन बंदीचा आदेश काढतं, आणि मग नीट वागणाऱ्यांनाही घरी बसावं लागतं. तेव्हा आपण सोशल मीडियावर चिडतो. त्याआधी आपण काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मीही नाही विचारलं. गेल्या डिसेंबरात एका किल्ल्याच्या कातळावर आमच्याच ग्रुपमधल्या एकानं दगडानं तारीख कोरली. मी त्याला थांबवलं नाही. उलट फोटो काढला. तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. आमची तारीख खरवडायला तेव्हा दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुसायला मात्र कितीही वेळ दिला तरी ती पुसली जाणार नाही.